कृतिगद्याची भाषा : रॅकमधील वीजवाटपपट्टी बदलण्याच्या सूचनांच्या निमित्ताने

१

मराठी गद्याची समीक्षा आजवर मुख्यत्वे ललित आणि वैचारिक गद्याभोवती फिरत आली आहे. ज्या गद्याचे प्रयोजन वाचकाला काही कळविणे एवढेच नसून त्याच्या हातून काही करवून घेणे हे असते, त्याची गणना साहित्यात होत नाहीच. भाषेच्या अभ्यासातही त्याला क्वचितच स्थान मिळते. पाककृती, औषध घेण्याची रीत, यंत्र जोडण्याच्या सूचना, विजेच्या खोलीतील पाटी हे सारे लेखन या वर्गात मोडते. सोयीसाठी त्यास 'कृतिगद्य' म्हणता येईल.

कृतिगद्याची कसोटी निराळी आहे. ललित वाक्य सदोष असेल तर रसभंग होतो. वैचारिक वाक्य सदोष असेल तर विचार अस्पष्ट राहतो. कृतिवाक्य सदोष असेल तर काम बिघडते, आणि काम विजेचे असेल तर माणूस भाजतो किंवा प्राणास मुकतो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या पुस्तकाला जी लोकमान्यता लाभली, तिचे एक कारण असे की त्यातील प्रमाणे वाटी आणि चमचा या घरोघरच्या मापांत दिली आहेत. लेखिकेने वाचणाऱ्याचा हात आणि त्या हाताशी असलेली भांडी आधी पाहिली व मग वाक्य लिहिले. तथापि पाककृतीतील चूक बहुधा दुसऱ्या दिवशी सुधारता येते. ज्या कृतीतील चूक सुधारण्यास दुसरा दिवस मिळेलच असे नाही, अशा कृतीच्या भाषेची तपासणी अधिक काटेकोरपणे झाली पाहिजे.

या दृष्टीने डेटा सेंटरमधील रॅकची वीजवाटपपट्टी सुरक्षितपणे बदलण्याचे काम विचारार्थ घेण्याजोगे आहे. काम लहान आहे. अनुभवी वायरमन ते काही तासांत उरकतो. परंतु त्यात क्रमाला, शब्दाला आणि वाक्यरचनेला जे महत्त्व येते ते मराठी कृतिगद्याच्या बलस्थानांवर व उणिवांवर एकदमच प्रकाश टाकते. शिवाय हे काम आता मुंबईच्या मध्यवस्तीतले झाले आहे. परळ, लालबाग, प्रभादेवी या गिरणगावाच्या भागात गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. फोर्टपासून दादरपर्यंत बँका, शेअरबाजार, रुग्णालये आणि दूरसंचाराची केंद्रे यांचा रोजचा व्यवहार अशाच रॅकांवर चालतो. ती चालू ठेवणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात मराठी बोलणाऱ्यांचे आहेत. त्यांच्यासमोर ठेवला जाणारा कागद मात्र बहुधा इंग्रजीत असतो, आणि मराठीत असलाच तर तो इंग्रजीच्या सावलीत लिहिलेला असतो.

२

भाषेकडे वळण्यापूर्वी कामाचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. कारण कृतिगद्याचा दोष कृती जाणल्याखेरीज दिसत नाही.

रॅक म्हणजे संगणकयंत्रे एकावर एक बसविण्याचे पोलादी कपाट. त्याच्या मागील बाजूस दोन उभ्या वीजवाटपपट्ट्या असतात. कामाच्या जागी त्यांना 'पीडीयू' म्हणतात. एक पट्टी 'ए' मार्गावर व दुसरी 'बी' मार्गावर असते, आणि हे दोन मार्ग वेगवेगळ्या बोर्डांतून, वेगवेगळ्या यूपीएसमधून आलेले असावेत अशी अपेक्षा असते. प्रत्येक यंत्राला दोन पॉवर सप्लाय व दोन कॉर्ड असतात; एक कॉर्ड 'ए' पट्टीत, दुसरी 'बी' पट्टीत. एरवी दोन्ही मार्ग निम्मा निम्मा भार वाहतात. एक पट्टी बदलावयाची झाल्यास सर्व भार दुसरीवर जातो आणि यंत्रे थांबत नाहीत, ही या रचनेची मूळ कल्पना होय.

धोका या कल्पनेवर न तपासता विश्वास ठेवण्यात आहे. एखाद्या यंत्राचा दुसरा पॉवर सप्लाय केव्हाच निकामी झालेला असतो व त्याचा दिवा कोणी पाहिलेला नसतो. एखाद्याच्या दोन्ही कॉर्ड घाईत एकाच पट्टीत खोचलेल्या असतात. एखादे जुने यंत्र एकाच कॉर्डचे असते. म्हणून पहिली पायरी हत्याराची नसून नोंदीची आहे: प्रत्येक यंत्राची प्रत्येक कॉर्ड कोठे जाते हे हाताने माग काढून लिहिणे, तिला खूणचिठ्ठी बांधणे आणि दोन्ही सप्लायचे दिवे पाहणे.

दुसरी पायरी बेरजेची. समजा, दोन्ही पट्ट्यांना ३२ अँपिअरचे ब्रेकर आहेत. 'ए' पट्टीवर २३ अँपिअर आणि 'बी' पट्टीवर २४ अँपिअर प्रवाह दिसतो. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे निर्धास्त करणारे आहेत. पण 'ए' काढताच 'बी' मार्गावर ४७ अँपिअर येतात. लहान सर्किट ब्रेकरांच्या मानकानुसार असा ब्रेकर आपल्या क्षमतेच्या १.४५ पट, म्हणजे ४६.४ अँपिअर प्रवाहावर, एका तासाच्या आत पडला पाहिजे. तत्काळ पडला पाहिजे असे नाही. त्यामुळे कॉर्ड काढल्यावर सर्व काही सुरळीत दिसते, वायरमन पट्टीचे स्क्रू सैल करण्यास लागतो आणि पाऊण तासाने संपूर्ण रॅक एकदम बंद पडतो. चूक आणि तिचा परिणाम यांत वेळाचे अंतर पडले की अनुभवही फसवा ठरतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांची बेरीज एका ब्रेकरच्या क्षमतेच्या आत, आणि सावध व्यवहारात ऐंशी टक्क्यांच्या आत, म्हणजे ३२ अँपिअरच्या बाबतीत २५.६ अँपिअरच्या आत, असावी लागते.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रसंग मुंबईने अनुभवला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहराचा वीजपुरवठा खंडित झाला व उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या वेळी राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, कळवा–पडघा येथील ४०० किलोव्होल्टच्या यंत्रणेत पहिल्या सर्किटच्या देखभालीचे काम चालू असताना भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. एक बाजू कामासाठी उघडलेली असते तेव्हा उरलेली बाजू एकटी असते, हे तत्त्व महापारेषणाला जसे लागू आहे तसेच कपाटातील दोन पट्ट्यांनाही लागू आहे.

यानंतरचा क्रम असा. कॉर्ड एकेक करून काढावयाच्या. सगळ्या एकदम मारावयाच्या नाहीत, कारण एकेक काढल्याने दोष असलाच तर एका यंत्रापुरता उघड होतो. पट्टी रिकामी झाल्यावर बोर्डावरील तिचा ब्रेकर पाडावयाचा, त्याला कुलूप लावावयाचे, पाटी अडकवावयाची. मग वीज नाही हे तपासावयाचे. तेही असे की मापक आधी चालू असलेल्या जागी लावून तो दाखवतो याची खात्री करावयाची, मग बंद केलेल्या जागी लावावयाचा आणि पुन्हा चालू जागी लावून तो मध्येच बिघडला नाही हे पाहावयाचे. खिशातील निऑन टेस्टरवर येथे विसंबता येत नाही. तो तपासणाऱ्याच्याच शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या क्षीण प्रवाहावर पेटतो, आणि पायांत रबरी बूट असले तर अंधुक होतो. त्यानंतरच जुनी पट्टी सोडवावयाची. तिची भूसंपर्कनाची तार शेवटी सोडवावयाची आणि नव्या पट्टीची ती प्रथम जोडावयाची. नवी पट्टी भाराविना चालू करून व्होल्टता व जोडण्या तपासावयाच्या व मग कॉर्ड पुन्हा एकेक करून बसवावयाच्या.

३

आता या कृतीला शब्द देण्याचा प्रश्न येतो. येथे पहिली अडचण नामांची नसून क्रियापदांची आहे.

'बंद' हा शब्द घ्यावा. घरात 'दिवा बंद करा' म्हणजे वीज तोडा. पदार्थविज्ञानाच्या मराठी पाठात मात्र 'बंद परिपथ' म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो तो परिपथ, आणि 'खुला परिपथ' म्हणजे ज्यातून वाहत नाही तो. शाळेत पुस्तकी अर्थ शिकलेला आणि चाळीत घरगुती अर्थाने वाढलेला मुलगा एकच असतो. त्याच्यापुढे 'खटका बंद करा' असे वाक्य आले तर तो घरगुती अर्थ घेईल. पण इंग्रजी आराखड्यावरून शब्दशः मराठी केलेल्या सूचनेत त्याच वाक्याचा अर्थ नेमका उलटा असू शकतो. त्यातच 'पंखा बंद आहे' या वाक्यात बंद म्हणजे बिघडलेला असाही तिसरा अर्थ आहे. 'बी सप्लाय बंद आहे' अशी नोंद वहीत आढळली तर तो कोणी मुद्दाम बंद केला आहे की निकामी आहे, हे वाक्यावरून कळत नाही.

'काढणे' या क्रियापदाची स्थिती याहून नाजूक आहे. 'कॉर्ड काढा' म्हणजे ती दूर करा. पण घरमालक वायरमनला 'येथे एक पॉइंट काढून द्या' म्हणतो तेव्हा तो नवा पॉइंट बसवून मागत असतो. 'डाव्या बोर्डातून लाइन काढली' हे वाक्य लाइन तोडल्याचे आहे की नवी दिल्याचे, हे बोलणाऱ्याच्या हातवाऱ्यावरून कळते. कागदाला हातवारे नसतात. 'सोडणे' तर उघडच दुधारी आहे. कुंपणात वीज 'सोडली' म्हणजे ती वाहू लागली. तार 'सोडली' म्हणजे ती जोडणीतून सुटी केली. 'लाइन सोडली का?' या प्रश्नाला बोर्डापाशी उभा असलेला माणूस एका अर्थाने व रॅकमागे वाकलेला माणूस दुसऱ्या अर्थाने 'हो' म्हणू शकतो.

या तिन्ही उदाहरणांपेक्षा चमत्कारिक अडचण मार्गांच्या नावांत आहे. इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर मराठीत संबोधन आहे. पंख्यांच्या अखंड घरघरीत कोणी 'ए, बंद कर' असे ओरडले तर ती 'ए' मार्ग तोडण्याची आज्ञा आहे की नुसती हाक आहे? लालबागच्या गल्लीत ही हाक दिवसातून शंभर वेळा ऐकू येते. ज्या क्षणी 'ए' पट्टी आधीच काढलेली असते व सर्व भार 'बी' पट्टीवर असतो, त्या क्षणी ही हाक चुकीच्या ब्रेकरपाशी पोहोचली तर संपूर्ण रॅक जातो. इंग्रजी कागदात हा दोष दिसणारच नाही. तो मराठी कानातच उत्पन्न होतो. म्हणून मार्गांना 'डावी' व 'उजवी', किंवा पट्टीला व बोर्डाला रंग देऊन 'तांबडी' व 'निळी', अशी नावे देणे हा केवळ सोयीचा भाग नसून भाषेच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष आहे. रंग निवडताना मात्र ते तीन फेजांच्या तारांच्या खुणेशी गल्लत करणारे नसावेत. भारतात तांबडा, पिवळा व निळा हे रंग पूर्वापार फेजांकडे आहेत. तेव्हा 'डावी' व 'उजवी' हीच जोडी अधिक निर्दोष ठरते. तीही रॅकच्या मागून पाहता की पुढून, हे एकदा पट्टीवरच लिहून टाकले पाहिजे.

क्रियापदांची ही उणीव दाखविताना मराठीचे एक असाधारण बळही नोंदविले पाहिजे. पडणे–पाडणे, सुटणे–सोडवणे, निघणे–काढणे, तुटणे–तोडणे अशा जोड्यांत आपोआप घडलेली क्रिया आणि कोणी केलेली क्रिया हा भेद बहुधा एका स्वराने व्यक्त होतो. 'ब्रेकर पडला' हे बोलीत रूढच आहे. त्याच्याच जोडीचे 'ब्रेकर पाडला' हे रूप घेतले की दोन सर्वस्वी भिन्न परिस्थिती निर्विवादपणे वेगळ्या होतात. पडलेला ब्रेकर कारण शोधल्याखेरीज उचलावयाचा नसतो, आणि पाडलेला ब्रेकर पाडणाऱ्याखेरीज कोणीही उचलावयाचा नसतो. वहीत या दोन शब्दांचा काटेकोर वापर सुरू झाला तर पुढील पाळीच्या माणसाला अर्धी हकीगत एका क्रियापदातून कळेल. हे सामर्थ्य भाषेत मुळातच आहे. ते कोणी घडवावे लागत नाही, फक्त वापरावे लागते.

४

तांत्रिक मराठीविषयीचा वाद मात्र आजवर बहुतांशी नामांवर लढला गेला. रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आणि १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर निघालेल्या पदनाम कोशापर्यंत प्रश्न एकच होता: परक्या नावाच्या जागी आपले नाव कोणते ठेवावे? या प्रयत्नांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. शासनव्यवहार मराठीत आणण्यासाठी नामे लागतातच, आणि 'महापौर' यासारखे शब्द आज कोणाला घडविलेले वाटतही नाहीत. परंतु कृतिगद्यात नामाची योग्यता त्याच्या व्युत्पत्तीवर ठरत नाही. ते ऐकताच हात योग्य वस्तूकडे जातो की नाही, यावर ठरते.

'न्यूट्रल'साठी पाठ्यपुस्तकात येणारा 'तटस्थ' हा शब्द या कसोटीवर तपासण्यासारखा आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. एका फेजवर चालणाऱ्या परिपथात न्यूट्रल तारेतून तेवढाच प्रवाह परत जातो जेवढा फेजमधून येतो. आणि ती तार मध्येच तुटली तर यंत्राकडील तिच्या टोकावर २३० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. तीन फेजांच्या जोडणीत न्यूट्रल सुटली तर हलका भार असलेल्या फेजवरील यंत्रांना २३० व्होल्टांऐवजी ४०० व्होल्टांच्या आसपास दाब सोसावा लागण्याचा संभव असतो. 'न्यूट्रल' हा शब्द मराठी कानाला निरर्थक आहे आणि म्हणूनच निरुपद्रवी आहे; 'तटस्थ' हा शब्द अर्थपूर्ण आहे आणि त्याचा अर्थ खोटा दिलासा देतो. याउलट 'भूसंपर्कन' हा शब्द बोजड असला तरी खरा आहे: त्यात भूमी आहे आणि संपर्क आहे. तरीही काळबादेवीजवळच्या लोहार चाळीत, जेथे मुंबईचा विजेच्या सामानाचा घाऊक बाजार आहे, तेथे कोणी 'भूसंपर्कन तार' मागणार नाही. 'अर्थिंगची वायर' मागेल. सूचना लिहिणाऱ्याने लोहार चाळीचा शब्द घ्यावा व कोशाने आपला शब्द शेजारी नोंदवावा, हीच तडजोड न्याय्य दिसते.

लोहार चाळीच्या शब्दांना हीन लेखण्याचे कारणही नाही. त्यांच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा व्यवहार आहे. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली, १९१५ साली खोपोलीची जलविद्युत टाटांच्या तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली, आणि १९४७ साली 'बेस्ट' महापालिकेकडे गेली. कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांनी या काळात विजेची भाषा स्वतः घडविली. 'लाइट गेली', 'फ्यूज उडाला', 'करंट बसला' ही वाक्ये कोणत्याही समितीने संमत केलेली नाहीत. पण नाम परके व क्रियापद मराठी, ही त्यांची घडण भाषेच्या प्रकृतीला धरून आहे.

जोडमार्गाच्या कल्पनेलाही गिरणगावात एक शब्द सुचण्याजोगा आहे: 'बदली'. गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. परंतु हा शब्द येथे वापरणे चुकीचे ठरेल. बदली कामगार पहिला आला नाही म्हणजे येतो. 'बी' मार्ग मात्र पहिल्यापासून निम्मे ओझे वाहत असतो. त्यास बैलांच्या 'जोडी'ची उपमा अधिक जवळची आहे. एक बैल सोडवला तर दुसऱ्याला गाडी एकट्याने ओढावी लागते, आणि ती ओढवेल की नाही हे बैल सोडवण्यापूर्वी पाहावयाचे असते. 'बदली' म्हटल्याने बेरजेची पायरी मनातून निसटते. 'जोडी' म्हटल्याने ती आपोआप आठवते. समर्पक शब्द कृतीचा क्रम सुचवितो, तो असा.

५

क्रियापद आणि नाम यांनंतर वाक्यरचनेचा विचार प्राप्त होतो. आणि येथेच प्रचलित मराठी सूचनांचा मुख्य दोष आहे. शासकीय वळणाच्या सूचनेत पुढील घाटाचे वाक्य हमखास आढळते:

'भार स्थानांतरित करण्यात आल्याची खात्री करण्यात येऊन विद्युत पुरवठा खंडित करण्यात यावा व तदनंतर पट्टी बदलण्यात यावी.'

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. कृतिगद्य म्हणून ते त्याज्य आहे. त्यात कर्ता नाही. खात्री कोणी करावयाची, बोर्डापाशी असलेल्याने की रॅकपाशी असलेल्याने? त्यात खात्रीचे साधन नाही. आणि 'येऊन' या एका रूपात सर्वांत महत्त्वाची पायरी दडपली गेली आहे. ऊन-प्रत्ययान्त रूप मराठी कथनाचा प्राण आहे. 'उठून, आंघोळ करून, चहा घेऊन निघाला' या वाक्याला त्याने वेग येतो. पण तोच वेग येथे घातक ठरतो. ऊन-रूपांच्या साखळीत वाचकाचे लक्ष अंतिम क्रियापदावर जाते व मधल्या क्रिया केल्यासारख्याच गृहीत धरल्या जातात. कथनात ज्या क्रिया मागे सरल्या तरी चालते, त्याच कृतीत पुढे उभ्या राहिल्या पाहिजेत.

विध्यर्थी रूपाचाही विचार केला पाहिजे. 'कुलूप लावावे' या रूपात आज्ञा आहे, सल्ला आहे आणि इष्टताही आहे. 'रोज फिरावयास जावे' याच सुरात ते वाचता येते. ज्या पायरीवर प्राण अवलंबून आहे तिथे सल्ल्याचा सूर उपयोगी नाही. मराठीत त्यासाठी अधिक बळकट रचना उपलब्ध आहे: '-ल्याखेरीज … नये'. 'कुलूप लावल्याखेरीज स्क्रू सैल करू नये' या वाक्यात पहिली क्रिया दुसरीच्या दारात उभी आहे. ती ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कृतीतील क्रमाचे बंधन भाषेतील बंधनात उतरविण्याची ही रीत मराठीत सहज आहे, आणि तिचा उपयोग मात्र फार थोडा होतो.

या विवेचनाच्या आधारे त्याच कामाची सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

'काम दोघांनी करावयाचे आहे. एक जण रॅकमागे राहील, दुसरा बोर्डापाशी. डाव्या-उजव्या पट्टीवरील अँपिअरची बेरीज रॅकवाल्याने वहीत लिहावी. बेरीज २५ हून अधिक असल्यास काम सुरू करू नये. प्रत्येक यंत्राचे दोन्ही दिवे हिरवे दिसल्याखेरीज एकही कॉर्ड उपसू नये. डाव्या पट्टीतील कॉर्ड एका वेळी एकच उपसावी. यंत्र चालू आहे हे पाहिल्याखेरीज दुसरीला हात लावू नये. डावी पट्टी रिकामी झाली की बोर्डवाला डावा ब्रेकर पाडील, कुलूप लावील आणि किल्ली रॅकवाल्याच्या हातात देईल. किल्ली हातात आल्याखेरीज आणि मापक तीनदा लावून पाहिल्याखेरीज पट्टीचे स्क्रू सैल करू नयेत. अर्थिंगची वायर शेवटी सोडवावी. नव्या पट्टीला ती प्रथम जोडावी.'

या उताऱ्यात अलंकार नाही. तरीही त्यात काही निवड आहे आणि ती समीक्षेला पात्र आहे. 'बंद', 'सोडणे' व 'काढणे' हे तिन्ही संदिग्ध शब्द टाळून 'पाडणे', 'सोडवणे' व 'उपसणे' हे शब्द घेतले आहेत. प्रत्येक क्रियेला कर्ता आहे. 'खात्री करावी' या पोकळ शब्दांऐवजी हिरवा दिवा, वहीतील बेरीज आणि हातातील किल्ली या डोळ्यांनी दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत. किल्ली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाणे हे या उताऱ्याचे मर्म होय. त्यामुळे 'लाइन सोडली का?' या प्रश्नाची गरजच उरत नाही. उत्तर तळहातावर असते.

कुलपासोबतच्या पाटीविषयीही हेच म्हणता येईल. 'काम चालू आहे' एवढे लिहिण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा 'हा ब्रेकर मुद्दाम पाडला आहे. ज्याने पाडला तोच उचलील', आणि खाली नाव व वेळ, हे अधिक नेमके आहे. पहिले वाक्य परिस्थिती सांगते. दुसरे अधिकार सांगते.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की या क्षेत्रातील यंत्रे, पुस्तिका व शब्द इंग्रजी असल्याने कामगाराने इंग्रजीच शिकावी. त्याने ती शिकावी हे योग्यच आहे. परंतु आणीबाणीच्या क्षणी माणूस ओरडतो ते स्वतःच्या भाषेत. सूचना एका भाषेत आणि हाक दुसऱ्या भाषेत असली की त्या दोहोंच्या फटीत अपघात शिरतो. 'ए' या अक्षराचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. दुसरा आक्षेप असा की चित्रांनी व रंगांनी हे काम भागेल. चित्र वस्तू दाखविते, क्रमही काही अंशी दाखविते. 'केल्याखेरीज करू नये' हे मात्र चित्रात दाखविता येत नाही. निषेध आणि अट ही भाषेचीच क्षेत्रे आहेत.

कायद्याने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच ओळखली होती. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील पस्तिसाव्या नियमाने धोक्याची पाटी हिंदी किंवा इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, कवटी व हाडांच्या चिन्हासह लावण्याचे बंधन घातले. चव्वेचाळिसाव्या नियमाने विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याच्या सूचनाही स्थानिक भाषेत लावण्यास सांगितले. पुढे २००३ च्या वीज अधिनियमाखाली २०१० मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये जे सुरक्षाविषयक विनियम आले त्यांनीही हा परिपाठ सोडलेला नाही. म्हणजे विजेच्या खोलीत मराठीला दोन जागा हक्काने मिळाल्या: एक दारावर, अपघातापूर्वीच्या इशाऱ्याची, दुसरी भिंतीवर, अपघातानंतरच्या उपचाराची. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे अपघात होऊच नये अशा रीतीने काम कसे करावे हे सांगण्याची, तिला अद्याप मिळालेली नाही.

ती जागा केवळ मागून मिळणार नाही. ती भरण्यास योग्य असे गद्य तयार असावे लागेल. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अनुवाद आणि व्यावहारिक मराठी हे विषय आता आहेत. त्यांतील अभ्यास पत्र, जाहिरात आणि इतिवृत्त यांच्यापाशी न थांबता विजेच्या खोलीपर्यंत गेला पाहिजे. त्यासाठी विद्यार्थ्याने माटुंग्याच्या वा परळच्या वायरमनापाशी बसून त्याची क्रियापदे टिपून घ्यावीत, एकाच शब्दाचे परस्परविरोधी अर्थ वेगळे काढावेत, लिहिलेली सूचना त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि जेथे तो अडखळेल तेथे वाक्य बदलावे. कोशासाठी शब्द गोळा करण्याचे काम मागील पिढ्यांनी केले. त्या शब्दांना धोका टाळणाऱ्या वाक्यांत बसविण्याचे काम बाकी आहे, आणि ते अभियंत्याइतकेच भाषेच्या अभ्यासकाचे आहे.